स्लॅबवरची फळी

“ती फळी उचल आन् जागेवर ठिव!” मुकादम खालून ओरडला.

फळी जागेवर कशी राहील? ती खाली वाळूच्या ढिगात उभी रुतली होती. मीच ती दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून भिरकावली होती. माझ्या पायाशी माझी थोरली जाऊ, कौसाबाई, पाऊल दोन्ही हातांत धरून बसली होती. ओल्या काँक्रीटनं गच्च भरलेलं घमेलं फळीवरून घसरून तिच्या पायावर पडलं होतं. बोटांवरचं काँक्रीट मी ओंजळीनं बाजूला केलं तेव्हा आतून रक्त आलं.

“ऐकू येत नाही का गं पंचशीला? स्लॅब थांबलाय!”

“तुमीच या वर,” मी स्लॅबच्या कडेशी जाऊन म्हणाले. “तुमच्याच हातानं ठिवा. मी बघते कशी ठेवता.”

मिक्सर घरघरत होता. बांबूच्या परांचीवर उभ्या असलेल्या गड्यांच्या हातात घमेली तशीच राहिली. वरच्या टोकाला उभे असलेले मारोतीमामा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी फळी नाही, त्यांच्या घरातले देवच फेकून दिले होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आता काँक्रीट पंपानं वर जातं, आणि मी स्वतः लहानसहान कामं ठेक्यानं घेते. लोक तोंडावर ताई म्हणतात, पाठीमागे कजाग म्हणतात. दोन्ही मला चालतं. पण त्या काळी नांदेडमध्ये स्लॅब माणसांच्या हातानंच वर जायचा. खाली मिक्सर. तिथून वरपर्यंत परांचीवर गड्यांची रांग. भरलेलं घमेलं या हातातून त्या हातात असं वर चढायचं. सगळ्यांत वर उभा असलेला गडी ते बाईच्या डोक्यावर द्यायचा. बाई सळयांवर टाकलेल्या पाट्यांवरून चालत मिस्त्रीपर्यंत जायची, घमेलं रिकामं करायची आणि परत फिरायची. एकदा स्लॅब सुरू झाला की मध्ये थांबायचं नाही. थांबलं तर जोड राहतो आणि पुढं तिथूनच गळतं.

बाकीच्या बायांच्या डोक्यावर घमेलं असं थेट यायचं. आम्ही भीमनगरच्या चौघी होतो. आम्ही आलो की वरचा गडी घमेलं डाव्या हाताला टाकलेल्या फळीवर ठेवायचा आणि एक पाऊल मागं सरायचा. आमच्या डोक्याला त्याचा हात लागू नये म्हणून. मग आमच्यातल्या दुसरीनं यायचं, दोघींनी मिळून ते फळीवरून उचलायचं आणि एकीच्या डोक्यावर द्यायचं. भरलेलं घमेलं एकटीनं डोक्यावर घेता येत नाही, हे ज्यानं घेतलंय त्यालाच कळेल. म्हणजे एकीच्या खेपेला दोघी अडकायच्या. आणि वर मुकादम गोविंदराव शिव्या घालायचा की तुमच्यापाशीच काम तुंबतं.

पाण्याचा माठही वेगळा होता, पण त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं. माठाला कुणाचा पाय मोडत नाही. गंमत अशी, की काँक्रीट सगळ्यांचं एकच होतं. घमेलंही तेच, सगळ्यांच्या हातातून गेलेलं. त्याच स्लॅबवर पुढं कॉलेजची मुलं बाकं मांडून बसणार होती. विटाळ होता तो फक्त आमच्या डोक्याचा.

ही फळी कुणी लावली, कधी लावली, कुणालाच सांगता येत नव्हतं. मी कामाला लागले तेव्हा ती होतीच. प्रत्येक मजल्याबरोबर तीही वर चढायची.

त्या दिवशी दुसऱ्या दोघी खेपेला गेल्या होत्या आणि मी मिस्त्रीपाशी होते. मुकादमाची ओरड सुरू झाली म्हणून कौसाबाईनं एकटीनंच घमेलं उचलायला घेतलं. पुढचं सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच गोविंदरावानं आम्हाला अडवलं. कौसाबाई घरी पाय बांधून पडली होती. आम्ही तिघी होतो.

“मालकानं सांगितलंय, तुमा चौघींचं काम बंद. ज्याला फळी जड झाली त्यानं घरी बसावं.”

“आन् जिचा पाय मोडला तिचं?”

“तिला म्हणावं आराम कर,” तो म्हणाला आणि हसला. ते हसू मी अजून विसरले नाही. बाईमाणूस रागावून काय करणार, रडेल आणि जाईल, असं ते हसू होतं.

मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, मग शेजारच्याला म्हणाला, “फळीवर गुन्हा दाखल करायचाय म्हणे. फळीला घेऊन या आधी.” दोघं खूप हसले. माझा नवरा टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, “जाऊ दे, दुसरीकडं काम बघ.” मी बघितलंही. पण नांदेडमधले सगळे मुकादम एकाच टपरीवर चहा पितात. मी दारात उभी राहिले की समोरचा विचारायचा, “फळीवाली तूच ना?” आणि मग काम नसायचं.

म्हणजे आमच्यापुढं दोनच वाटा होत्या. गोविंदरावाच्या पाया पडून फळीपाशी परत जायचं, नाहीतर फळीशिवाय परत जायचं. घरी बसणं आम्हाला परवडणारं नव्हतं आणि फळीपुढं परत वाकणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

*

कादरी वकिलांचं ऑफिस वजिराबादेत एका शिंप्याच्या दुकानावर होतं. वय झालेलं, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. कामगारांच्या केसी चालवत म्हातारे झाले होते. त्यांनी आमचं ऐकलं आणि पहिला प्रश्न केला तो असा:

“बेटी, फळी फेकली तेव्हा कुणाला लागली तर नाही ना?”

“नाही साहेब. वाळूत पडली.”

“वाईट झालं,” ते म्हणाले. मग माझं तोंड बघून हसले. “मजाक केला. बस. पोलिसांच्या मागं नंतर लागू. शिवाशिव पाळणं हा गुन्हा आहे, ते मी सोडणार नाही. पण आधी तुमचं काम. तुम्हाला काढलं कशासाठी, हे मालकाला कामगार कोर्टात सांगू दे. त्याच्या तोंडून येऊ दे.”

मालकाच्या तोंडून आलं ते असं: या चौघी कामचुकार आहेत, यांच्यापाशी स्लॅब तुंबतो, म्हणून काढलं. आणि फळी? कुठली फळी? आमच्या साइटवर सगळे भावासारखे राहतात.

त्यासाठी त्यांनी साक्षीदार उभा केला. मारोतीमामा.

मामा मुदखेडकडच्या एका खेड्यातले. पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला पटका, हात मात्र लोखंडासारखे. आमच्या रांगेचं वरचं टोक नेहमी त्यांच्याकडेच असायचं. मला ते लेक म्हणायचे, आणि ते वरवरचं नव्हतं. शेतात हुरडा झाला की माझ्यासाठी पुडी यायची. बोरं यायची. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं शिवलेलं झबलं आलं. पण हे सगळं कसं यायचं? मामा पुडी काढायचे, फळीवर ठेवायचे आणि एक पाऊल मागं सरायचे. माणसाची माया खोटी नव्हती. तीसुद्धा फळीवरूनच यायची, एवढंच.

पिंजऱ्यात उभं राहून मामा म्हणाले, “फळीबिळी काई नव्हती साहेब. समदे सारखेच हाईत.” माझ्याकडं बघितलं नाही. हातातला पटका पिळत होते.

कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं.

“मामा, खोटं कामून बोलले?”

“लेकी, मला या वयात कोण काम देईल? मुकादम म्हणला, साक्ष दे न्हाईतर पटका उचल.”

“मग आमी काय करावं?”

मामांनी खिशातून बोरांची पुडी काढली, आमच्या दोघांच्या मधल्या बाकड्यावर ठेवली आणि थोडे बाजूला सरकले. मी त्या पुडीकडं बघत राहिले. कोर्टाच्या दारात, टपरीच्या बाकड्यावर, आणि त्या माणसाला कळतही नव्हतं की आपण काय केलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. पुडी तशीच ठेवून मी उठले.

*

केस रेंगाळली. तारखा पडत गेल्या. एका तारखेला मालकाचे वकील उभे राहिले. तरुण, चुणचुणीत, बोलताना चष्मा काढायची सवय.

“साहेब, या बायका म्हणतात आम्ही कामात कमी नाही. ठीक आहे. त्याच इमारतीचा शेवटचा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे. कोर्टानं यावं, यांना रांगेत उभं करावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. दूध का दूध, पानी का पानी.”

जज साहेब सडपातळ, कमी बोलणारे. त्यांना बारा महिने सर्दी असायची. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि कादरी वकिलांकडं बघितलं.

कादरींनी विचारायला वेळ मागितला. व्हरांड्यात येऊन मला म्हणाले, “हा सापळा आहे, बेटी. त्या दिवशी तिथं फळी असणार नाही. मुकादम सगळ्यांना दम देऊन ठेवील. तुमच्या डोक्यावर घमेलं फुलासारखं ठेवतील. मग जज म्हणतील, कुठाय शिवाशिव? आणि तुम्ही एवढे महिने कामावर नाहीत, जरा मागं पडल्या की हळू म्हणून शिक्का. नाही म्हणायचा हक्क आहे आपल्याला.”

“नाही म्हणलं तर?”

“तर म्हणतील घाबरल्या.”

मला फार विचार करावा लागला नाही. “हो म्हणा साहेब. आमी हळू नाहीत. एवढं तर दाखवून येते. पुढचं पुढं.”

घरी कौसाबाईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. तिचं पाऊल भरून आलं होतं, पण दोन बोटं कायमची वाकडी झाली होती. तिच्याकडं मुकादमाचा निरोपही येऊन गेला होता: तू एकटी केस सोड, दुसऱ्या साइटवर घेतो.

“तू काय म्हणलीस मग?” मी विचारलं.

“म्हणलं, माज्या जावंला विचारते.”

“मोठी तू का मी?”

“वयानं मी. तोंडानं तू.” ती हसली. “खरं सांगू पंचशीला? मला त्या फळीचं काई वाटत नव्हतं. सवय झाली व्हती. पाय मोडला तवा पैल्यांदा वाटलं, ही फळी नसती तर मामानं घमेलं माज्या डोक्यावर दिलं असतं, आन् मी चालत गेले असते. एवढंच व्हतं. इतकं सोपं.” तिनं डोळे पुसले. “मी येते तुज्यासंगं. खेपा करता येणार नाही, पर येते.”

त्या रात्री तिनं एक जुनं लुगडं फाडून तीन चुंबळी वळल्या. घट्ट, गोल. डोक्यावर ठेवली तर घमेलं काय, हंडा हलणार नाही.

*

कादरी वकील म्हणाले तसंच झालं. स्लॅबवर फळी नव्हती. जिथं फळी असायची तिथं उघड्या सळया दिसत होत्या. वेगळा माठही गायब होता. एकच मोठा नवा माठ, त्यावर झाकण, झाकणावर स्टीलचा ग्लास. मुकादमानं धुतलेला सदरा घातला होता. मालकाचे वकील वर येताना पॅंटला चुना लागू नये म्हणून चवड्यांवर चालत होते.

जज साहेबांनी कुणाची खुर्ची घेतली नाही, चहा घेतला नाही. डोक्याला रुमाल बांधून मिस्त्रीच्या मागं एका कोपऱ्यात उभे राहिले. त्यांचा कारकून शेजारी. “नेहमी जसं काम चालतं तसंच चालू द्या,” एवढंच म्हणाले.

आम्हा तिघींबरोबर आणखी तीन बाया होत्या, कामावरच्या. वरच्या टोकाला मारोतीमामा. कौसाबाई स्लॅबच्या कडेला बसली होती. तिनं आमच्या डोक्यांवर चुंबळी ठेवल्या आणि माझ्या कानात म्हणाली, “मान ताठ.”

मिक्सर सुरू झाला. पहिलं घमेलं वर आलं. मी पुढं झाले. मामांनी घमेलं काठाला बोटांच्या टोकांनी धरलं, माझ्या डोक्याच्या वर आणलं आणि वीतभर उंचीवरून सोडून दिलं. माझी मान करकरली. माझ्या केसालाही त्यांचा हात लागला नाही. मी चालत गेले, रिकामं केलं, परत आले.

दुसरी खेप, तिसरी खेप. शरीराला काम आठवलं. एकीनं वाकून दुसरीला मदत करायची नव्हती, त्यामुळं आम्ही तिघी वाऱ्यासारख्या फिरत होतो. कामावरच्या बाया मागं पडू लागल्या. मिस्त्री एकदा ओरडला, “अगं हळू, मला पसरू तर द्या!” जज साहेबांनी हे ऐकलं. कारकुनानं लिहिलं. माझ्या अंगात असा उत्साह आला की काय सांगू. एवढी वर्षं जे ओझं दोघींनी उचललं ते एकटी घेऊन मी पळत होते.

मुकादमाला ते दिसत होतं. आम्ही हळू नाही, हे उघड झालं होतं. मग त्यानं काय करावं? खाली बघून ओरडला, “हात चालवा रे! मिक्सर भरा! झपाट्यानं!” त्याला वाटलं असेल, दम लागला की या कोसळतील.

खालून घमेली धडाधड यायला लागली. रांगेतल्या गड्यांना मान वळवायला फुरसत नव्हती. ज्यांनी स्लॅब टाकलाय त्यांना ही वेळ माहीत आहे. तेव्हा माणूस काम करत नाही, हात काम करतात. मामांच्या डोळ्यांत घाम उतरत होता. वळायचं, द्यायचं, वळायचं. समोर कोर्ट उभं आहे हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

माझी खेप आली. मी डोकं पुढं केलं.

मामा घमेलं घेऊन वळले, डावीकडं वाकले, घमेलं खाली ठेवलं आणि एक पाऊल मागं सरले.

खाली फळी नव्हती. घमेलं सळयांवर कलंडलं आणि अर्धं काँक्रीट सळयांमधून भळभळा ओतलं गेलं. आणि खोटं कशाला सांगू, मीसुद्धा वाकले होते. त्यांच्या हाताला जशी सवय होती तशी माझ्या पाठीला होती. माझी बोटं घमेल्याच्या काठाला लागली, तेव्हा मला कौसाबाईचा आवाज आला. ती काही बोलली नव्हती, फक्त दचकून श्वास घेतला होता. मी हात मागं घेतला आणि सरळ उभी राहिले.

मामा मात्र सळयांकडं बघत होते. अगदी साधेपणानं, चुकलेली वस्तू शोधावी तसं इकडंतिकडं बघत त्यांनी मुकादमाला विचारलं,

“गोविंदराव, फळी कुठं गेली?”

मुकादमाचा चेहरा मातीसारखा झाला. मालकाचे वकील घाईघाईनं पुढं आले. “साहेब, म्हातारा माणूस आहे, गोंधळला...”

“मी तुम्हाला विचारलेलं नाही,” जज साहेब म्हणाले. त्यांनी हात वर केला तसा कुणीतरी खाली मिक्सर बंद करायला सांगितलं. मग ते पाट्यांवरून सावकाश चालत आले आणि मामांपुढं उभे राहिले. “कुठली फळी?”

आता मामांना कळलं. त्यांनी पटका काढून हातात घेतला. परांचीवरच्या रांगेत कुणी हलत नव्हतं. मला वाटलं, आता हे म्हणतील विसरलो साहेब, चुकलो साहेब. मामांनी माझ्याकडं बघितलं. कोर्टात बघितलं नव्हतं, ते आता बघितलं.

“या लेकींचं घमेलं ठिवायची फळी, साहेब. हितंच असती. मीच ठिवत असतो. आमचा हात लागू नाही म्हणून.”

“कोर्टात तुम्ही नाही म्हणाला होता.”

“हाव साहेब. खोटं बोललो.”

कारकून लिहीत होता. तेवढ्यात मिस्त्री कोपऱ्यातून कुरकुरला, त्याला बिचाऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं, “साहेब, माल सुकायला लागला. जोड राहील.”

मुकादमाला तेवढंच निमित्त मिळालं. “ए पंचशीला, उचल ते घमेलं! स्लॅब खराब करतीस का?”

मी उचललं नाही. जागची हलले नाही. सगळी रांग, खालपर्यंत, माझ्यामुळं खोळंबली होती. तसं मुकादम खरं बोलायचा, आमच्यापाशी काम तुंबत होतं.

“मामा,” मी म्हणाले, “डोक्यावर द्या.”

मामांनी पटका खांद्यावर टाकला. वाकले. कलंडलेलं घमेलं सरळ केलं, ओंजळीनं सांडलेलं काँक्रीट परत भरलं. मग ते उचलून माझ्यासमोर आले आणि थांबले. माझी चुंबळ वाकताना सरकली होती. त्यांनी घमेलं एका हातानं कमरेशी टेकवलं, दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला, चुंबळ सरळ केली, आणि मग घमेलं वर दिलं. हळू. मान करकरली नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हातांनी घमेलं धरलेलं, पुसता येईना. मी तशीच चालत मिस्त्रीपर्यंत गेले.

“चालू द्या,” जज साहेब म्हणाले.

*

निकाल आमच्या बाजूनं लागला. चौघींना कामावर परत घ्या, मधल्या काळाची भरपाई द्या, आणि कामाच्या जागी असा भेद पुन्हा दिसला तर परिणामांना तयार राहा. कादरी वकिलांनी निकाल आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा. पोलिसांनीही मग तक्रार लिहून घेतली. तो हवालदार त्या दिवशी हसला नाही.

कामावर गेले त्या पहिल्या सकाळी मी परांची चढून वर गेले. फळी नव्हती. पण वरच्या टोकाला एक पोरसवदा गडी उभा होता.

“मारोतीमामा कुठंयत?” मी विचारलं.

“त्यायला तवाच काढलं की. कोर्ट आलं व्हतं ना, त्याच संध्याकाळी.”

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मामांनीही नाही. मी रविवारी एसटीनं त्यांच्या गावी गेले. मामा ओट्यावर बसून दोरी वळत होते. मला बघून उठले, बायकोला हाक मारली, मग पुन्हा दोरी वळायला बसले.

“उद्या नांदेडला या,” मी म्हणाले. “कादरी वकिलांकडं.”

“कोणत्या तोंडानं येऊ लेकी?”

“ज्या तोंडानं फळी विचारली त्याच तोंडानं.”

ते आले. धुतलेलं धोतर, नवा पटका. वकिलांच्या ऑफिसात भिंतीला टेकून खाली बसले. कौसाबाईनं त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं, आमच्या दोघींच्या मध्ये. शिंप्याच्या पोऱ्यानं चहा आणला. कौसाबाईनं एक कप उचलून त्यांच्यापुढं धरला. क्षणभर वाटलं, म्हणतील, ठिव तिथं. त्यांनी हात पुढं केला आणि कप तिच्या हातातून घेतला.

कादरी वकील चष्म्यावरून तिघांकडं बघत होते.

“मारोतराव, तुम्हाला खरं बोलल्याबद्दल काढलं, असं मला कोर्टात सांगावं लागेल. ते सिद्ध करायला साक्षीदार लागतो. साइटवरचा एकही माणूस तुमच्यासाठी उभा राहणार नाही.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आणि बेटी, हे विसरू नकोस, या माणसानं तुझ्याविरुद्ध साक्ष दिलीय.”

“ती खोटी दिली साहेब,” मी म्हणाले. “खरी त्यांनी स्लॅबवर दिली.”

मामांनी कप खाली ठेवला आणि पटका काढून मांडीवर घेतला.

“मग साक्षीदार म्हणून कुणाचं नाव लिहू?” वकिलांनी पेन उचललं.

“लिहा,” मी म्हणाले. “पंचशीला हणमंते, भीमनगर.”